दादाचा प्रोजेक्ट

“हात लावू नकोस!” दादा इतक्या जोरात ओरडला, की मला संशयच आला. त्याचा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता: टाकी भरली की पंप आपोआप बंद. खोक्यावर मात्र दुसऱ्याच कॉलेजचं नाव खोडलेलं!

“उद्या परीक्षकांनी विचारलं, ही पिवळी वायर कशाला, तर?”

“शहाणे, तू तुझं बीजगणित कर.”

मी काय ऐकतेय! सरळ वायर उपटली. टाकी भरून वाहायला लागली, तरी पंप थांबेना. दादाने वायर तीनदा वेगवेगळ्या ठिकाणी खोचून पाहिली.

“विकत आणलास ना?” मी विचारलं.

आता तो दुकानदाराला फोन लावणार, याची मला खात्री होती. त्याने फोन उचललाही. पण परत ठेवला.

“तुझ्या विज्ञानाच्या पुस्तकात,” तो खाली बघत म्हणाला, “विजेचा धडा कितवा गं?”