तळहाताचा माऊस

गौरीनं जुन्या कॉम्प्युटरभोवती प्लायवूड ठोकून घरीच गेमची मशीन बनवली होती. तिच्यात माऊसच्या जागी ट्रॅकबॉल होता. तिचे वडील व्यंकट तो गोळा तळहातानं फिरवत गेम खेळायचे, बातम्याही वाचायचे.

दिवाळीची मिठाई घेऊन फटाका कारखान्याचे मालक कृष्णराजशेठ आले. त्यांनी गोळ्याला बोट लावलं आणि तोंड वाकडं करून ते रुमालाला पुसलं.

“लई चिकट हाय. साधा माऊस का घेत न्हाईस, व्यंकट?”

व्यंकट नुसते हसले. गौरीला शेठची शिसारी आली.

शेठ गेल्यावर ती गोळा काढून साबणानं घासू लागली.

“कशाला धुतीस गं?” वडलांनी विचारलं. “माझ्याच हाताचा मळ हाय.”

“न्हाय दादा. ज्याच्या कारखान्यात तुमची बोटं उडाली, त्याचं बोट लागलंय ह्याला.”