दोन सूत

“वाकडी,” मिस्त्री म्हणाले.

ही तिसरी फेन्स होती. विक्रेत्याने ती यंत्रावरून सोडवली आणि आधीच्या दोन्हींच्या शेजारी ठेवून दिली. तिन्ही नव्याकोऱ्या, लोखंडी, हात फिरवला तर कुठे खडा लागू नये अशा.

फेन्स म्हणजे करवतीशेजारची उभी भिंत. लाकूड तिला टेकवून पुढे सरकवायचं, म्हणजे चिरताना ते हलत नाही. या कारखान्यातला बँडसॉ, म्हणजे लाकूड चिरायचं यंत्र, मिस्त्रींच्या दीडपट उंच होता. इतक्या मोठ्या यंत्राला इतकी वर्षं फेन्स म्हणून एक जुनी फळी उभी केलेली होती. ती आता बदलायची होती, आणि आजच बदलायची होती.

कारण बाहेरगावची पहिली ऑर्डर. नवी शाळा, चाळीस दारं. चौकटी शाळेने आधीच दुसरीकडून बसवून घेतल्या होत्या. नमुन्याचं एक दार पाठवलं, ते परत आलं. दुसरं पाठवलं, तेही परत आलं. सोबत एकच ओळ : दार चौकटीत बसत नाही. तिसरं दार उद्या जायचं होतं. मिस्त्रींनी सगळा दोष त्या जुन्या फळीला दिला होता. सकाळी आल्या आल्या ते मालकीणबाईंना म्हणाले होते, “ताई, हेही परत आलं, तर मी हत्यारं खाली ठेवीन.” ताई हसल्या. मिस्त्री हसले नाहीत.

तपासायची रीत सोपी होती. यंत्राच्या टेबलावर गुण्या उभा करायचा आणि फेन्सला भिडवायचा. गुण्या म्हणजे काटकोनात जोडलेल्या दोन पट्ट्या. मधून उजेड दिसला, की फेन्स वाकडी. कारखान्यातला हा गुण्या शिसवी होता. थोरल्या मालकांनी, म्हणजे ताईंच्या वडिलांनी, तो स्वतःच्या हाताने केला होता. तो त्यांच्या फोटोखाली टांगलेला असे. मिस्त्री हात धुतल्याशिवाय त्याला शिवत नसत. बाकीचे सगळे गुण्ये त्याच्यावरूनच तपासले जात.

चहा आला. बाजूच्या लाकडी टेबलावर ठेवताच तिन्ही ग्लास हळूहळू डावीकडे निघाले. ताईंनी आणि मिस्त्रींनी न बघताच आपापला ग्लास अडवला. विक्रेत्याचा त्याच्या बुटावर पडला.

“इथे ग्लास धरून बसायचं असतं हो,” ताई म्हणाल्या. “होईल सवय.”

बूट पुसून विक्रेत्याने चौथी फेन्स बसवली. त्याच्याकडची शेवटची. मिस्त्रींनी हात धुतले, गुण्या भिडवला, एक डोळा मिटला.

“वाकडी.”

“काका, चार फेन्स, चार वेगळ्या कंपन्यांच्या. चारही एकाच बाजूला, आणि सारख्याच वाकड्या?” विक्रेत्याने विचारलं.

“हल्ली कुणाचं काम सरळ राहिलंय, सांगा बरं!”

विक्रेत्याने घसा खाकरला. “रागावू नका, पण हा गुण्या कधी उलटवून बघितलाय?”

कारखान्यातला रंधा थांबला.

उलटवून बघणं म्हणजे काय, हे मिस्त्रींना कुणी सांगायला नको होतं. नव्याने आलेल्या प्रत्येकाला ते पहिल्याच दिवशी हेच शिकवत. टेबलाच्या कडेला गुण्या लावून रेघ मारायची. मग गुण्या पालथा करायचा आणि त्याच बिंदूतून पुन्हा रेघ मारायची. दोन्ही रेघा एकावर एक आल्या, तर गुण्या खरा.

“याला काय तपासायचं?” मिस्त्रींचा आवाज चढला. “यानेच तर सगळ्यांना तपासतो!”

“बघू या ना, मिस्त्रीकाका,” ताई हळूच म्हणाल्या. “बाबा नाही रागावायचे.”

मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली. एक रेघ मारली. गुण्या पालथा केला. दुसरी मारली. पिल्लाने चोच उघडावी तशा त्या दोन रेघा एका बिंदूतून निघून लांब लांब गेल्या.

त्यांनी वरच्या टोकाला पट्टी लावली. “फट चार सूत. म्हणजे चूक तिच्या निम्मी,” ते शिकवताना म्हणत तसंच म्हणाले. “दोन सूत. अर्ध्या बोटाचासुद्धा फरक नाही. पण तो हातभर लाकडातच.”

मग त्यांनी चहाच्या टेबलाकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. फोटोकडे पाहायचं टाळलं आणि खाली स्टुलावर बसले. स्टूलही डावीकडे कललेलं होतं.

“चाळीस वर्षं, ताई. गावातलं एकूण एक दार माझ्या हातचं आहे. माझ्या घराचंसुद्धा.”

ताई उठल्या. कारखान्याच्या दारापाशी गेल्या आणि त्यांनी ते लावलं. बारीकसा आवाज झाला आणि दार चौकटीत चपखल बसलं. कुठे फट नाही, कुठे घासणं नाही. त्यांनी ते उघडलं, पुन्हा लावलं.

“काका, गावातल्या चौकटी कुणी केल्या?”

“आपणच. अजून कोण करणार?”

“आणि चाळीस वर्षांत दार अडकतं म्हणून गावातलं कुणी आलं?”

मिस्त्रींनी बराच वेळ आठवलं. “नाही. एकही नाही.”

ताई विक्रेत्याकडे वळल्या. “ही चौथी ठेवून जा, शाळेच्या दारांसाठी. आणि गावासाठी दुसरी एक मागवा. दोन सूत वाकडी.”

“वाकडी?” विक्रेत्याची वही हातातच राहिली. “मुद्दाम?”

मिस्त्री स्टुलावरून उठले. त्यांनी गुण्या धोतराच्या सोग्याने जपून पुसला, फोटोखाली नेऊन टांगला आणि मग विक्रेत्यावर बोट रोखलं.

“आणि आल्यावर मी तपासून घेणार हं. एका केसाने जरी सरळ निघाली, तरी परत पाठवीन.”