पोझनानच्या मैफलीतला खोकला

माझा नवरा यशोधन पोलंडमध्ये, पोझनान शहरात, प्रोजेक्टवर राहून आलेला. म्हणून अमेरिकेत, नेपरव्हिलच्या आमच्या घरी टीव्हीवर तिथल्या मैफलीचं जुनं रेकॉर्डिंग चाललेलं.

व्हायोलिनं थांबली. मी टाळीसाठी हात उचलले.

"अगं, आत्ता टाळ्या नाहीत," यशोधन म्हणाला. "रचनेच्या दोन भागांमधल्या या गॅपमध्ये लोक फक्त खोकून घेतात."

खरंच, सगळं सभागृह खोकलं. तिसऱ्या रांगेतला एक म्हातारा तर बेडका घशात घोळवत राहिला.

"शी! गिळ नाहीतर थुंक, मेल्या!" मी ओरडले.

म्हाताऱ्याने मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिलं.

मी टीव्ही म्यूट केला. त्याच्या घशातली घरघर चालूच. शेवटी टीव्हीच बंद केला, तेव्हा ती थांबली.

आणि माझ्या मानेवरून काहीतरी कोमट, चिकट ओघळलं.