पथ्य

नीराबाईच्या सुनेच्या, पूर्वीच्या, अंगावर दर पावसाळ्यात चट्टे उठायचे. खाजवून खाजवून रक्त निघायचं. अलिबागच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि सासूला बजावलं, "ज्याने अंगावर उठतं, ते घरात ठेवूच नका."

नीराबाईने ते फारच मनावर घेतलं. सुनेला कडुनिंबाच्या पाल्याने अंघोळ घातली, स्वतःच्या हाताने करंजाचं तेल चोळलं. होळीपासून घरात वांगं आणलं नाही, सुकट शिजवली नाही. पूर्वीचं अंग नितळ झालं.

मग मासेमारीची बंदी लागली. होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, नीराबाईचा विनेश घरी बसला आणि आठवड्याच्या आत त्याच्या बायकोचे चट्टे परत आले. शेजारणींनी पावसाळी हवेला शिव्या घातल्या.

एका दुपारी ताटात सुकट नाही म्हणून विनेशने ताट पूर्वीच्या तोंडावर फेकलं. केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, मग पुन्हा. ती नुसती दंड खाजवत राहिली, नखं रक्ताने भरली तरी.

नीराबाई त्या नखांकडे बघत उभी होती. तिने मासे कापायचा कोयता उचलला आणि पोटच्या पोराच्या गळ्याला लावला.

"आये, येडी झालीस काय?"

 

"नीघ. डॉक्टर बोललाय, ज्यानं हिच्या अंगावर उठतंय, ते घरान ठेवाचं न्हाय."