मूठ काढता येणारा व्हॉल्व्ह

“मूठ काढून घरात ठेवता येईल, असा व्हॉल्व्ह आहे का?” तिने विचारलं.

प्लंबरने सकाळीच काढून दिलेला जुना व्हॉल्व्ह दुकानदाराने उलटासुलटा करून पाहिला. लाल मूठ पाव फेरा फिरवली आणि तो हसला. “ह्यात राहिलंय काय आता? लहान मूलसुद्धा उघडेल.”

तिने त्याच्या हातातून व्हॉल्व्ह काढून घेतला. नवरा घाईने म्हणाला, “पोहण्याच्या तलावाचा आहे. पाणी सोडायच्या पाइपवरचा. कोणीतरी उघडतं. सकाळी पाहावं तर पाणी दोन पायऱ्या खाली.”

“मग बूचच मारून टाका की.”

“घर विकतोय. घेणाऱ्याला सगळं चालू हवंय.”

“कोणीतरी म्हणजे कोण पण?”

“घरातलंच,” ती म्हणाली.

दुकानदार संसारी माणूस असावा. त्याने पुढे विचारलं नाही, दोन व्हॉल्व्ह काढून काउंटरवर मांडले. पहिला चाकाचा होता, बरेच फेरे घेऊन उघडणारा. “जड आहे, पण रेती अडकली की नीट बंद होत नाही.” दुसऱ्याची निळी मूठ त्याने उचलली तशी ती हातात आली. खाली नुसता चौकोनी खुंट राहिला. “आता पैलवान आणा. मुठीशिवाय हलायचा नाही.”

“हाच द्या,” ती म्हणाली.

गाडीत तिने तो व्हॉल्व्ह मांडीवर धरून ठेवला. त्यांची मुलगी ठमी वर्षापूर्वी त्याच तलावात बुडून गेली, तेव्हा चार वर्षांची होती. तिच्यावर लक्ष ठेवायला आजोबा तलावाकाठी खुर्ची टाकून बसले होते, आणि पेपर वाचता वाचता त्यांचा डोळा लागला. इतकंच. त्या दिवशी ठमीची आई तलावाकाठी “पाणी सोडा, पाणी सोडा” असं ओरडत सुटली होती, असं शेजारीण नंतर म्हणाली. तिला स्वतःला त्यातलं काही आठवत नव्हतं.

तेव्हापासून सासऱ्यांशी ती कामापुरतं बोलायची. जेवायला या. औषध घ्या. बस्स. त्या घरात तिचा जीव घुसमटत होता. ठमीची पोहायची रबरी ट्यूब पंपाच्या खोलीत खिळ्याला अजून तशीच टांगलेली होती, आणि ती काढायची हिंमत कोणातच नव्हती. घर विकून एकदाचं लांब जावं, एवढंच तिला हवं होतं. पण पहिलं गिऱ्हाईक तलाव पाहून “गळतोय वाटतं” म्हणालं आणि गेलं ते गेलंच. दुसरं रविवारी यायचं होतं.

चोर पकडायला फार अक्कल लागली नाही. व्हॉल्व्ह होता त्या पंपाच्या खोलीकडच्या वाटेवर सोडलेल्या पाण्याने चिखल झालेला असायचा, आणि रोज सकाळी सासऱ्यांच्या खुर्चीवर चिखलाने माखलेला टॉवेल. एकदा नवऱ्याने त्यांना पहाटे मागच्या दारात गाठलं, तर पायजमा गुडघ्यापर्यंत ओला.

“बाबा, पाणी तुम्ही सोडता?”

त्यांनी एकदा सुनेच्या खोलीकडे पाहिलं. “हो, मीच सोडतो,” म्हणाले. का, ते काही सांगेनात.

तिचा संताप संताप झाला. आधी झोपा काढल्या, आणि आता ही नाटकं! “एक तर ते राहतील, नाही तर मी,” असं तिने नवऱ्याला स्वच्छ सांगितलं. तिची स्वतःची झोप म्हणजे नुसती नावाला, सकाळी उठावं तर अंग आंबलेलं. पण पोटचं पोर गेल्यावर कोणत्या आईचं अंग हलकं राहतं?

शनिवारी दुपारी प्लंबरने नवा व्हॉल्व्ह बसवला. नणंद गाडी घेऊन आली. सासरे एवढीशी पिशवी घेऊन दारात उभे राहिले. वर्षभरात ते किती वाळले होते, हे तिला आजच दिसलं, आणि दिसलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

“पोरी, ती मूठ तू ठेवू नकोस,” ते म्हणाले. “माझ्या मुलाकडे दे.”

“का? माझ्यावर भरवसा नाही?”

“तसं नाही गं. आणि मागच्या दाराला कुलूप लावा. किल्ली ह्याच्या उशाशी राहू दे.”

“तुम्ही गेल्यावर कुलूप कशाला लागतंय, बाबा?”

सुनेचं हे तोडून बोलणं त्यांना लागलं. ते काही तरी बोलणार होते, पण नणंदेने हॉर्न वाजवला. गाडी वळेपर्यंत ते मागच्या काचेतून तिच्याकडेच बघत होते.

तिने मूठ कपाटात ठेवली, कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत ओवली. कितीतरी दिवसांनी तिला मोकळं वाटलं. उशीला डोकं टेकताच डोळा लागला.

सकाळी जाग आली ती नवऱ्याच्या ओरडण्याने. “अगं, पाणी पार तळाला गेलंय! ती माणसं तासाभरात येतील! मूठ कुठंय?”

“कपाटात!” ती तिथूनच ओरडली. “किल्ली माझ्या गळ्यात आहे!” गळा चाचपला, तर किल्ली होतीच. उठायला म्हणून तिने पांघरूण बाजूला सारलं, आणि काहीतरी टणक खाली पडलं. निळी मूठ होती. पायाकडची चादर चिखलाने भरली होती. तळव्यांपासून घोट्यांपर्यंत सगळा चिखल.

आज तिचे पाय कोणी पुसले नव्हते.