वळणावरचा हॉर्न

"दाब आता," बॉनेटमागून हरिश्चंद्र म्हणाला.

केरूने बटण दाबलं. माळनाक्यावरच्या त्या गॅरेजचा पत्रा थरथरला. समोरच्या चहावाल्याच्या हातातली किटली हिंदकळली. हरिश्चंद्राने कानांवरचे हात काढले आणि जाळीमागे बसवलेल्या दोन लाल भोंग्यांकडे नाराजीने पाहिलं.

"ट्रकाचा हॉर्न हा. टॅक्सीला कशाला हवा तुला? देवाला जाणारी माणसं बसतात तुझ्या गाडीत."

"हवाय," केरू म्हणाला. एकाहत्तरची ती अँबेसेडर पंधरा वर्षं तोच चालवत होता. आज सकाळपासून गणपतीपुळ्याच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. जास्त बोलायचं त्राण त्याच्यात नव्हतं.

हॉर्न रस्त्यासाठी नव्हताच. सगुणासाठी होता.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला क्षय झाला. इंजेक्शनांनी ती वाचली, पण कान गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी बाजूला बोललेलं ऐकू येईना, मग समोरचं. डॉक्टर म्हणाले होते, मोठा आवाज अजून पोचेल. किती दिवस, ते सांगता येत नाही. सगुणा ओठांवरून बोलणं ओळखायला शिकली. कुणी कानांचं काढलं की म्हणायची, "देवळातला नगारा येतो ना मला ऐकू."

मग एकदा केरू घरी आला आणि मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती दचकली. पेजेचं उकळतं भांडं तिच्या पायावर पडलं. पाय बरा झाला, पण तेव्हापासून दुपार कलली की ती पायरीवर येऊन बसायची, रस्त्याला डोळे लावून. फेरीचा काही नेम नसे. कधी दोन तास, कधी चार. हातात काम घेत नसे; मान खाली घातली आणि गाडी आली तर? केरू पोचायचा तेव्हा दोघंही सारखीच दमलेली असायची.

आज सकाळी निघताना त्याने तिला समोर बसवून सांगितलं होतं, "आज मोठा हॉर्न बसवतो. वळणावर वाजवीन. तू बाहेर बसू नको."

ती कितीतरी दिवसांनी हसली होती.

निवळीच्या घाटात दोन ट्रकांनी त्याला बाजू दिली नाही. तरी केरूने नव्या बटणाला हात लावला नाही. मालगुंडच्या वळणावर आला तेव्हा ऊन उतरलं होतं. त्याने बटण दाबलं. माडांवरचे कावळे उडाले. तो घराच्या दाराकडे बघत राहिला. दारात कुणी आलं नाही.

बेड्यापाशी, कुंपणाच्या फाटकाशी, गाडी थांबवून त्याने पुन्हा दाबलं. यावेळी बोट उचललंच नाही. शेजारची येसूबाई कानांवर हात ठेवून अंगणात धावली.

"मेल्या, मढी उठवशील काय!"

दार रिकामंच होतं.

केरू आत गेला. सगुणा दाराकडे पाठ करून कोळंबी सोलत होती. अर्धं ताट सोलून झालं होतं. इतक्या महिन्यांत संध्याकाळच्या वेळी तिच्या हातात काम त्याने पहिल्यांदाच पाहिलं. तो जागीच उभा राहिला. मग भिंतीच्या कडेने, लांबून वळसा घालून, तिला दिसेल असा पुढे गेला.

तिने मान वर केली. त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीतून गाडीकडे. तिचे हात थांबले. चेहरा एकदम उतरला.

"आलात?" ती म्हणाली. मग घाबरत विचारलं, "हॉर्न... नाही बसवलात?"

बाहेर येसूबाईचा आवाज अजून चढलेलाच होता. केरू तिच्यासमोर उकिडवा बसला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "नाही. गॅरेज बंद होतं."

सगुणाने डोळे मिटले, उघडले. पुढची कोळंबी उचलली.

"बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही वाजवलात आणि मलाच नाही ऐकू आला."