पाटबंधारेमंत्री

ती आणि तिचा नवरा दर शनिवारी दुपारी एका जुन्या राजकीय मालिकेचा एक भाग पुन्हा बघायचे आणि लगेच त्यावर पॉडकास्ट करायचे. सातव्या भागात मंत्रिमंडळाची बैठक सुरू झाली, तसं तिनं चित्र थांबवलं.

“अरे, पाटबंधारेमंत्री कुठे गेले? ते जाड चष्मेवाले?”

“असं कुणी नव्हतंच गं,” नवरा म्हणाला. “पहिल्यापासून आठच मंत्री आहेत.” आणि तो माइक जोडायला आतल्या खोलीत गेला.

पहिल्या भागात त्या मंत्र्याच्या भाषणावर दोघंही पोट धरून हसले होते. तिनं तो भाग लावला. टेबलाशी नववी खुर्ची होती, पण रिकामी. बाकीचे आठ जण त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हसत होते.

तिनं घाईघाईनं त्यांचा पहिला पॉडकास्ट लावला. नवरा विचारत होता, “तुझा आवडता मंत्री कोण?” पुढे तिचं उत्तर होतं, तिला ते शब्दन्‌शब्द आठवत होतं. आता तिथे नुसती शांतता होती. मग नवरा मनापासून हसला.

ती धावत आत गेली. त्यानं रेकॉर्डिंग सुरू केलं होतं. “नमस्कार,” तो म्हणाला आणि नेहमीसारखा तिच्यासाठी थांबला.

“नमस्कार,” ती म्हणाली. मग ओरडून म्हणाली. मग माइक दोन्ही हातांत धरून नवऱ्याचं नाव घेत राहिली.

लॅपटॉपच्या पडद्यावरची तिच्या आवाजाची रेघ सपाटच राहिली.

“अगदी बरोबर बोललीस,” तो म्हणाला.